मातृपितृसेवा : एका घराची की समाजाची?

आपल्या व्याख्यानांतून, कुटुंबमेळाव्यांतून आणि दिवाणखान्यांतील गप्पांतून एक वाक्य हमखास कानी पडते : 'तिकडे म्हाताऱ्या आई-वडिलांना संस्थेत टाकून देतात, आपल्याकडे तसे नाही.' हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या मनात आपल्या कुटुंबसंस्थेविषयी अभिमान असतो आणि तो सार्थही आहे. परंतु अभिमानाला डोळसपणाची जोड नसली की त्याचे रूपांतर आत्मसंतोषात होते, आणि आत्मसंतुष्ट समाजाला स्वतःच्या घरातील दुःख सर्वांत शेवटी दिसते. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी किंवा विस्मरणामुळे घरच्यांनाही ओळखेनाशा झालेल्या वडिलांसाठी रात्री जागून काढणारी घरे आज गल्लोगल्ली आहेत. त्या घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : आता घरी जमेनासे झाले, तर काय करायचे? विचारणाऱ्याच्या मनात अपराधीपणा असतो. ऐकणारा नातलग, शेजारी वा कार्यकर्ता बहुधा श्रावणबाळाचे नाव घेऊन मोकळा होतो. तो अपराधीपणा कितपत योग्य आणि हे मोकळे होणे कितपत धर्म्य, याचा विचार आता टाळता येणार नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय. बाळंतपण किंवा एखादी शस्त्रक्रिया झाली की रुग्ण तेथून चार दिवसांत घरी येतो. आपला १९४९ सालचा शुश्रूषागृह नोंदणी कायदाही व्यवहारात प्रामुख्याने अशा रुग्णालयांनाच लागू होतो. अमेरिकेत मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने रूढ आहे. ज्या वृद्धाला उठणे, जेवणे, स्नान, शौच यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो, त्याला दीर्घकाळ, बहुधा अखेरपर्यंत, ठेवण्याची ती जागा होय. आपला वृद्धाश्रम हा मुख्यतः चालत्याफिरत्या वृद्धांचा. परावलंबी वृद्धांच्या या संस्थेला आपण येथे परिचर्यागृह म्हणू. तिच्यासाठी आपल्या व्यवहारात अजून सर्वमान्य शब्दही नसावा, यातच दोन समाजांच्या वाटा किती वेगळ्या होत्या हे दिसते.

अमेरिकेतील परिचर्यागृहे तिथल्या मुलांच्या निष्ठुरपणातून जन्माला आली, ही समजूत इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील स्थानिक प्रशासने निराधार वृद्धांना 'पुअरहाउस' म्हणजे दरिद्रालयात ठेवीत. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरजू वृद्धांना रोख साहाय्य सुरू केले, मात्र सार्वजनिक दरिद्रालयात राहणाऱ्याला ते मिळू नये अशी अट घातली. साहजिकच वृद्धांची पावले खासगी निवासगृहांकडे वळली आणि एक नवा व्यवसाय उभा राहिला. १९६५ च्या जुलैत 'मेडिकेअर' आणि 'मेडिकेड' या दोन शासकीय योजना आल्या. मेडिकेअर रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरच्या कुशल परिचर्येचा भार फार तर १०० दिवस उचलते. त्यापुढच्या देखभालीसाठी वृद्धाने स्वतःची पुंजी खर्च करावी आणि ती संपत आली की गरिबांसाठीच्या मेडिकेडकडे हात पसरावा, अशी ही रचना आहे. आज तेथे सुमारे १५ हजार परिचर्यागृहांत सुमारे १३ लाख माणसे राहतात आणि त्यांतील साठ टक्क्यांहून अधिकांचा खर्च मेडिकेड भागवते. आयुष्यभर कमावून अखेरीस कागदोपत्री दरिद्री व्हावे, तेव्हा कुठे शासन हात देते! घरी राहून सेवा घेऊ इच्छिणाऱ्याला हाच पैसा दीर्घकाळ सहजासहजी मिळत नव्हता. शासनाचा पैसा ज्या दाराने येतो, त्याच दाराने कुटुंबाचा निर्णय बाहेर पडतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

या व्यवस्थेचे दोष अमेरिकेने स्वतःच मान्य केले आहेत. रहिवाशांना बांधून ठेवणे, औषधांनी गुंगवून ठेवणे अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी १९८७ साली तेथे परिचर्यागृह सुधारणा कायदा करावा लागला. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा या व्यवस्थेची भीषण परीक्षा झाली. पहिल्या दोन वर्षांत दीर्घकालीन देखभालीच्या संस्थांतील दोन लाखांहून अधिक रहिवासी व कर्मचारी तेथे मृत्युमुखी पडले. कित्येकांना अखेरच्या क्षणी आपले माणूस खिडकीच्या काचेतूनच पाहावे लागले. वृद्धांना एका छताखाली एकत्र ठेवून कार्यक्षमता साधणाऱ्या विचाराची ही किंमत होती.

एवढे सारे खरे असूनही 'तिकडे सारेच आई-वडिलांना टाकून देतात' हे विधान खरे ठरत नाही. अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्यांची संख्या सहा कोटींच्या घरात आहे. त्या मानाने परिचर्यागृहांतील माणसे कोणत्याही एका वेळी शंभरांत दोनांच्या आसपास भरतात. उरलेल्या परावलंबी वृद्धांची सेवा तेथेही प्रामुख्याने पत्नी, पती, लेकी आणि मुलगेच करीत असतात. जर्मनीत देखभालीची गरज असल्याची अधिकृत नोंद झालेल्या माणसांपैकी पाचांत चारांहून अधिक जण घरीच राहतात. मग संस्कृतीचा फरक नाहीच काय? तो अवश्य आहे. फक्त आपण समजतो त्यापेक्षा तो वेगळ्या ठिकाणी आहे.

स्वीडनचे उदाहरण घ्या. तेथे मुलांनी आई-वडिलांना सांभाळावे असे कायदा सांगत नाही. १९९२ च्या सुधारणेपासून वृद्धांच्या देखभालीची जबाबदारी नगरपालिकांकडे आहे. मुलीने आपल्याला स्नान घालावे, कपडे बदलावेत, याचा तेथील अनेक वृद्धांना संकोच वाटतो. मुलीने भेटायला यावे, गप्पा माराव्यात. अंगाची कामे नगरपालिकेच्या सेविकेने करावीत, यात त्यांना स्वतःचा मान राखला गेल्यासारखे वाटते. याउलट इटलीत नागरी संहितेनेच जवळच्या नातलगांवर पोषणाचे दायित्व टाकले आहे आणि आईला संस्थेत ठेवणे कुटुंबाला कमीपणाचे वाटते. तेथील शासन १९८० पासून पूर्णतः परावलंबी व्यक्तीला रोख भत्ता देते. अनेक कुटुंबे त्यात भर घालून युक्रेन, रुमानिया वा मोल्दोव्हातून आलेल्या बाईला घरी ठेवतात. अशा बाईला तेथे 'बदान्ते' म्हणतात. घर तेच राहिले, सेवेचे हात मात्र परके झाले. आपल्या शहरांतील 'ब्यूरो'कडून येणाऱ्या बारा तासांच्या मावशींची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. सिंगापूरने १९९५ साली आई-वडिलांच्या पोषणाचा कायदा केला. चीनने तर २०१३ पासून, वेगळे राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटावे, असे कायद्यातच लिहिले. जे संस्कारांनी होत होते ते कलमांनी करवून घेण्याची वेळ कन्फ्यूशियसच्या देशावरही आली!

दुसरा फरक निर्णय कोण घेतो, याचा आहे. अमेरिकेत १९९० च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, शासकीय योजनांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने व परिचर्यागृहाने स्वतःच्या उपचारांविषयीचे हक्क दाखल होणाऱ्या व्यक्तीलाच समजावून सांगावे लागतात. तेथील डॉक्टर प्रथम वृद्धाशी बोलतो. आपल्याकडे डॉक्टर खोलीबाहेर येऊन थोरल्या मुलाला बाजूला घेतो, मुलगा बहिणीला फोन लावतो, जावई चार ठिकाणी चौकशी करतो आणि सारे ठरल्यावर आईला सांगितले जाते. यात कुटुंबाची एकजूट आहे, वृद्धाला चिंतेपासून दूर ठेवण्याची माया आहे. परंतु जिच्या आयुष्याचा हा निर्णय आहे, तिला कुणी काही विचारलेच नाही, हे वैगुण्यही त्यात आहे. पाश्चात्त्य माणूस एकटा निर्णय घेतो आणि पुष्कळदा एकटा पडतो; आपला वृद्ध गोतावळ्यात असतो आणि पुष्कळदा न विचारलेला राहतो.

संस्कृती परिस्थितीपुढे किती काळ टिकते, याचेही एक उदाहरण अमेरिकेतच आहे. तेथील आशियाई व हिस्पॅनिक समाज हे कुटुंबवत्सल म्हणून ओळखले जातात. आई-वडिलांना संस्थेत ठेवण्याकडे त्यांचा कल परंपरेने कमीच. तरीही १९९९ ते २००८ या काळात परिचर्यागृहांतील हिस्पॅनिक वृद्धांची संख्या ५४.९ टक्क्यांनी आणि आशियाई वृद्धांची ५४.१ टक्क्यांनी वाढली. गोऱ्या वृद्धांची मात्र १०.२ टक्क्यांनी घटली. या समाजांत वृद्धांची संख्याच वाढत होती, हे याचे एक कारण. परंतु दुसरे कारण अधिक बोलके आहे. सधन गोऱ्या वृद्धांना घरपोच सेवेचे आणि मदतीसह स्वतंत्र निवासाचे पर्याय मिळाले, तर इतरांना घर आणि परिचर्यागृह यांच्यामध्ये फारसे काही उपलब्धच नव्हते. मधल्या पायऱ्या नसल्या की कुटुंबवत्सल समाजही शेवटच्या पायरीवरच जाऊन पोहोचतो.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हे अनुभवातून कळलेले आहे. नातवंडांसाठी न्यू जर्सीला वा कॅलिफोर्नियाला गेलेले आजी-आजोबा हिंडतेफिरते असतात, तोवर सारे आनंदाचे असते. पुढे आजारपण येते, आणि कायम निवासाचा परवाना असला तरी पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्याशिवाय त्यांना मेडिकेअर विकतही घेता येत नाही. मुलगा-सून दोघेही नोकरीवर, शेजारी मराठी बोलणारे कुणी नाही, बाहेर जायचे तर कुणीतरी मोटार चालवायला हवी. मग परत कोथरूडला वा डोंबिवलीला येणे, आणि तेथे पुन्हा रिकामे घर! जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' या नाटकातील म्हाताऱ्या जोडप्याचे एकाकीपण मराठी प्रेक्षकांनी डोळे पुसत पाहिले. आता अनेकांच्या घरी तेच घडत आहे.

आपल्याशी सर्वांत जवळचे साम्य मात्र जपानचे आहे. तेथेही थोरल्या मुलाने आई-वडिलांजवळ राहावे आणि त्याच्या पत्नीने त्यांची सेवा करावी, अशी रूढी होती. १९७२ साली सावाको अरियोशी या लेखिकेने विस्मरणग्रस्त सासऱ्याची सेवा करणाऱ्या नोकरदार सुनेची कथा आपल्या कादंबरीत मांडली. ती अफाट खपली आणि ज्या दुःखाविषयी घराबाहेर बोलायचे नसते, त्यावर अवघा देश बोलू लागला. पुढे १ एप्रिल २००० पासून जपानने देखभाल विमा योजना सुरू केली. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तिचा हप्ता भरायचा आणि गरज पडेल तेव्हा घरपोच सेवा, दिवसभराचे केंद्र, थोड्या दिवसांचा निवास किंवा परिचर्यागृह यांतून निवड करायची. जर्मनीने १९९५ पासून राबविलेल्या अशाच विम्यात कुटुंबाला रोख रक्कम घेण्याची मुभा होती. जपानने ती जाणीवपूर्वक नाकारली. रोख पैसे दिले तर ते घरात येतील, पण सून पूर्वीसारखीच अंथरुणाशी बांधलेली राहील, असा आक्षेप तेथील महिला संघटनांनी घेतला होता. मातृपितृभक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या त्या समाजाने एक प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारला : ही भक्ती नेमकी कोणाच्या पाठीवर उभी आहे?

तोच प्रश्न आता आपण स्वतःला विचारावयास हवा, आणि तो विचारताना आपल्या परंपरेकडेच वळावयास हवे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेच्या धर्मव्याधाची कथा आहे. तपाचा अहंकार झालेला कौशिक ब्राह्मण धर्म जाणून घेण्यासाठी या मांसविक्रेत्याकडे येतो. धर्मव्याध त्याला आपल्या घरी नेऊन वृद्ध आई-वडील दाखवतो आणि हेच आपले दैवत असे सांगतो. पुढे तो कौशिकालाच त्याचे कर्तव्य सुनावतो : तुझ्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय तू घर सोडलेस, ते तुझ्या शोकाने अंध झाले आहेत; आधी त्यांच्याकडे जा. तपश्चर्या करणाऱ्याला धर्म शिकवितो तो समाजाने हीन मानलेल्या व्यवसायातला माणूस, आणि तो धर्म शिकवितो स्वतःच्या हातांनी केलेल्या सेवेतून. आपल्या पंढरीच्या पुंडलिकाची कथाही तीच गोष्ट सांगते. दारात साक्षात परब्रह्म उभे असताना पुंडलिकाने आई-वडिलांचे पाय दाबणे सोडले नाही, आणि ते काम पत्नीवर सोपवून तो देवदर्शनालाही उठला नाही! विटेवरचा विठ्ठल अठ्ठावीस युगे उभा आहे, तो पुत्राने स्वतः केलेल्या सेवेची साक्ष देत.

परंपरेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्र व गांधारी वनात जावयास निघतात, तेव्हा कुंतीही त्यांच्याबरोबर जाण्याचा निश्चय करते. राज्य मिळालेले पाचही पुत्र विनवीत असताना ती मागे फिरत नाही. आपले उरलेले दिवस कोठे आणि कसे घालवायचे, हे ती स्वतः ठरविते आणि युधिष्ठिरासारखा पुत्रही अखेर तिच्या इच्छेपुढे मान तुकवतो. वानप्रस्थाच्या कल्पनेतही घर सोडणे हा ज्येष्ठाचा स्वतःचा निर्णय होता. त्याला घराबाहेर काढण्याची मुभा त्यातून कोणालाच मिळत नव्हती. तेव्हा सेवा स्वतःच्या हाताने आणि निर्णय ज्येष्ठाच्या संमतीने, ही आपल्या परंपरेची शिकवण आहे. आजचे आपले आचरण तिच्याशी किती जुळते?

उत्तर फारसे सुखद नाही. आई-वडिलांची सेवा मुलाच्या नावावर जमा होते आणि प्रत्यक्षात ती सून करते. नोकरी, मुलांची शाळा, स्वयंपाक आणि रात्रीत तीनदा उठून सासूची कूस बदलणे, हे सारे एकटीने सांभाळणारी स्त्री आपल्या कुटुंबमेळाव्यांत 'आदर्श सून' म्हणून गौरविली जाते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी, असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. आपला २००७ सालचा 'आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा' पाहा. त्यात मुलगा, मुलगी, नातू व नात यांच्यावर दायित्व आहे. सुनेचे नाव त्यात नाही. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोषणाचे दायित्व आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच दिला आहे. कायद्याने ज्यांना जबाबदार धरले ते लेकरू दूर राहून सल्ले देते आणि जिला धरले नाही ती कंबर मोडेपर्यंत राबते, असे चित्र अनेक घरांत आहे.

आकडेही धोक्याची घंटा वाजवीत आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील सुमारे १०.४ कोटी माणसे होती. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला पोहोचले आहे. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. आपल्या आजोबांच्या काळी माणूस अंथरुणाला खिळला, तर ते बहुधा थोड्या दिवसांचे असे, आणि वाड्यात दहा हात असत. आज तेच दुखणे सात-आठ वर्षे चालू शकते आणि दोन खोल्यांच्या घरात हात असतात दोन. कोकणातील कित्येक घरांत तर तेही नाहीत. मुले मुंबईला आणि गावी एकटी आई, अशी स्थिती आहे. ज्याला आपण संस्कारांचा ऱ्हास म्हणतो, त्यातील मोठा भाग हा या बदललेल्या गणिताचा आहे.

अर्थात सारेच गणितावर ढकलता येणार नाही. घर नावावर करून घेईपर्यंत गोड बोलणारी आणि सही होताच आवाज चढविणारी मुले आपल्याच समाजात आहेत. म्हणून तर २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळविण्याची तरतूद करावी लागली. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षाही त्यात आहे. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून तीस टक्के रक्कम कापून ती पालकांना देण्याचा निर्णय लातूर जिल्हा परिषदेने २०२०-२१ साली घेतला, तोही याच कारणाने. अशा मुलांसाठी दंड हवाच. परंतु न्यायाधिकरण दरमहा रक्कम ठरवून देईल. रात्री पाणी हवे का, असे विचारणारा माणूस ते कोठून देणार?

आमचे मत स्पष्ट आहे. आई-वडिलांच्या सेवेचे कर्तव्य मुलांचे आहे आणि ते कोणत्याही शासनाला वा संस्थेला विकून टाकता येत नाही. परंतु कर्तव्य अटळ आहे म्हणून ते एकट्यानेच, कोणाच्याही मदतीशिवाय पार पाडले पाहिजे, असे धर्म सांगत नाही. घरातल्या मागच्या खोलीत, दिवसभर कोणी न बोलता, पाठीवर व्रण घेऊन पडलेली आई ही 'घरी' असली तरी टाकलेलीच असते. आणि चांगल्या परिचर्यागृहात असलेल्या वडिलांकडे मुलगा-मुलगी आळीपाळीने रोज जात असतील, त्यांना घास भरवीत असतील, सणाला घरी आणत असतील, तर त्या वडिलांना कोणी टाकलेले नाही. पाप कोठे आहे, हे पत्त्यावरून ठरत नाही. नाते तुटले की नाही, यावरून ठरते.

म्हणून ज्या घरावर असा निर्णय घेण्याची वेळ येईल, त्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, त्याला बोलता-समजता असतानाच त्याची इच्छा विचारली काय? सर्व भावाबहिणींनी केवळ मत न देता पैसा, वेळ आणि रात्रीचे जागरण यांतील आपापला वाटा उचलला काय? प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या व्यक्तीला विश्रांती मिळते काय, आणि तिचे मत सर्वांत आधी ऐकले काय? संस्थेत ठेवावयाचे असेल, तर ती अवेळी जाऊन पाहिली काय? भेटीचे दिवस ठरवून ते पाळले जाणार आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिक असतील, तर निर्णय घराचा असो वा संस्थेचा, त्याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण नाही. उत्तरे देताना मान खाली जात असेल, तर घरी ठेवल्याचे प्रमाणपत्रही व्यर्थ आहे.

मात्र हे प्रश्न विचारून समाजाला मोकळे होता येणार नाही. १९६५ च्या एप्रिल महिन्यात मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, कुटुंब आणि समाज ही एकमेकांशी झगडणारी वेगळी वर्तुळे नसून एकातून दुसरे उमलत जाते, असा तो विचार आहे. त्याच वर्षी अमेरिकेने वृद्धांचा प्रश्न व्यक्ती आणि शासन यांच्या दरम्यान सोडविण्याचा मार्ग धरला. मधल्या समाजाला त्यात फारसे स्थान उरले नाही. आपणही कुटुंबाची थोरवी गातो, पण त्या कुटुंबाला जोडलेला समाज अंत्ययात्रेच्या दिवशी येतो. त्याने पाच वर्षे आधी यावयास हवे.

हे शक्य आहे, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनामुक्तीची व उपशामक सेवेची चळवळ सुरू झाली. त्यातूनच पुढे गावोगावी प्रशिक्षित शेजाऱ्यांची जाळी उभी राहिली. असाध्य आजाराने किंवा वार्धक्याने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी हे स्वयंसेवक जातात, बसतात, अंग पुसतात, कुटुंबाला शिकवतात. परिचारिका व डॉक्टर त्यांच्या पाठीशी असतात. २००८ साली त्या राज्य शासनाने यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. केरळच्या राज्यकर्त्यांशी आपले वैचारिक मतभेद जगजाहीर आहेत, परंतु चांगले ते कोठूनही घ्यावे, हीच हिंदू वृत्ती होय. शिवाय स्वयंसेवक हा शब्द ज्यांच्या जिव्हाळ्याचा, त्यांनी तरी या कामात मागे राहू नये.

आपल्या कार्यकर्त्यांपुढे म्हणूनच एक साधा कार्यक्रम ठेवावासा वाटतो. प्रत्येक वस्तीत अंथरुणाला खिळलेले आणि एकटे राहणारे ज्येष्ठ किती, याची नोंद असावी. आठवड्यातून एक दुपार त्यांच्याजवळ बसणारे दोघे जण ठरावेत, म्हणजे त्या घरच्या गृहिणीला किंवा थकलेल्या पतीला तीन तास मोकळे मिळतील. मंदिरांची सभागृहे आणि मंगल कार्यालये आठवड्यातील बरेच दिवस रिकामी असतात; तेथे ज्येष्ठांसाठी दिवसभराची केंद्रे चालू शकतील. रुग्णाची कूस कशी बदलावी, व्रण कसे टाळावेत, विस्मरण झालेल्या माणसाशी कसे बोलावे, याचे वर्ग भरावेत आणि त्यांत पुरुषांनी प्रथम नाव नोंदवावे. आपल्या आई-वडिलांचे अंग पुसणाऱ्या मावशींना घरचे ताट, आठवड्याची सुटी आणि वेळेवर पूर्ण वेतन मिळावे. त्यांच्याही घरी म्हातारी माणसे असतात. शासनाकडेही मागणी हवी. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासूनचे दरमहा १५०० रुपये हे निराधाराला आधार असले, तरी परावलंबी वृद्धाच्या देखभालीला ते पुरणारे नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी निवास उभारण्याचा मार्ग २००७ च्या कायद्याने दाखविला आहे. तो कागदावर राहू नये. गल्लोगल्ली निघू लागलेल्या खासगी परिचर्यागृहांची नोंदणी, तपासणी आणि किमान दर्जा यांसाठी स्वतंत्र नियम हवेत. अमेरिकेला जे १९८७ साली उशिरा सुचले, ते आपल्याला आधीच सुचावयास हरकत नाही.

पश्चिमेने घराचे काम संस्थेकडे दिले आणि संस्थेला घरपण देता देता ती थकली. आपण घराचे काम घराकडेच ठेवले आणि त्या घरातील एका स्त्रीला थकवले. या दोहोंपेक्षा वेगळी वाट आपल्या परंपरेत आहे. पुंडलिकाने सेवा स्वतः केली आणि त्याच्या सेवेपाशी देव येऊन उभा राहिला. आज ज्या घरांत अशी सेवा चालू आहे, त्यांच्या दाराशी समाजाने जाऊन उभे राहावयास हवे. आणि केवळ उभे न राहता, उंबरठा ओलांडून, बाह्या सारून कामाला लागावयास हवे.